मागच्या गाडीतला उस्ताद

भाऊसो फौजेत सतरा वर्षं गाडी चालवून गावी परत आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला सपाटीवर करमत नाही. गाव फलटणच्या बाजूचं. कालव्याचं पाणी, दोन्हीकडं ऊस आणि मधनं दोरी धरून आखल्यासारखा रस्ता. थोरला भाऊ नानासो शेती बघत होता आणि नीट बघत होता. त्यात भाऊसोची गरज कुणाला नव्हती. सकाळी उसाला पाणी पाजायचं, दुपारी पारावर बसायचं आणि संध्याकाळी लडाखातल्या घाटांच्या गोष्टी सांगायच्या. सुरवातीला लोक ऐकत. पुढं पुढं तो 'बर्फात' म्हणाला की एखादा चप्पल शोधायला लागे.

बायको राहीबाई एक दिवस म्हणाली, "आवं, तुमी कुठंतरी गाडीवर जावा. हितं दाव्याला बांधल्यागत दिसताय."

म्हणून तो तिला घेऊन शिरवळला लालासाहेबांकडं आला. लालासाहेबांचा धंदा अवजड माल पोचवायचा. शिरवळच्या आसपासच्या कारखान्यांत मोठमोठ्या टाक्या, बॉयलर, साखर कारखान्यांची यंत्रं तयार होत. साध्या ट्रकवर न मावणारी ही धुडं बऱ्याच चाकांच्या ट्रेलरवर चढवायची आणि पुढं एक दणकट गाडी जुंपून ओढत न्यायची. या पुढच्या गाडीला सगळे पुलर म्हणत. घाट आला की ट्रेलरच्या मागं आणखी एक गाडी लोखंडी दांड्यानं जोडायची. तिनं मागून रेटायचं. ती पुशर.

आणि साताऱ्याकडं निघालेल्या प्रत्येक मालाला घाट लागायचाच. शिरवळच्या पुढचं खंडाळा गाव मागं पडलं की खंबाटकीचा चढ समोर उभा राहतो. मोटारीत बसून जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. गाणं ऐकत तो वर पोचतो. पण भरलेल्या ट्रकचा तिथं जीव निघतो. इंजिन घुरघुरतं, क्लचचा जळका वास सुटतो, माणूस चालत गेला तर पुढं निघेल अशा चालीनं गाड्या चढत राहतात. या रस्त्यानं आता फक्त वर जायचं. पुण्याकडं येणारी वाहनं बोगद्यातून येतात. अवजड माल घेऊन चढणाऱ्यानं एवढंच बघायचं, की मधेच थांबायचं नाही. चढावर थांबलेला माल पुन्हा हलवणं अवघड, आणि हलला तर तो पुढंच जाईल याची खात्री नाही.

भाऊसो लवकरच लालासाहेबांचा मुख्य पुलरवाला झाला. त्याची पद्धत होती. माल निघायच्या आदल्या दिवशी तो घाट पायी चढून यायचा. कुठं डांबर उखडलंय, कुठं वळणावर खडी सांडलीय, सगळं डोळ्यांखालून घालायचा. गाडीत बसला की शेजारच्यानं बोलायचं नाही, तंबाखू मळायची नाही. खंडाळ्यातले चहावाले त्याची गाडी आली की बाहेर येऊन उभे राहत. भाऊसो मान वळवून कुणाकडं बघत नसे. पण कोण कोण उभं होतं, हे त्याला बरोबर ठाऊक असे. त्याच्या हाताखाली एकही माल घाटात थांबला नव्हता. सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि तो शब्द कानावर पडला की त्याची पाठ आपोआप ताठ होई.

बिरदेव त्याच्याकडं आला तो जतकडून. धनगराच्या घरचा, मोठे भाऊ मेंढरं घेऊन फिरणारे, आणि याला नादच गाड्यांचा. लायसन होतं, पण हात कच्चा होता. भाऊसोनं त्याला शेजारी बसवलं आणि मनापासून शिकवलं. त्याला कारणही होतं. भाऊसोचा मुलगा विश्वजित. त्याला लहानपणापासून घाटात उलटी व्हायची. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला आणि गावी यायचा तोही खिडकीशी लिंबू हुंगत. आपल्या हातात जे आहे ते घ्यायला घरात कुणी नाही, हे भाऊसोला खुपायचं. बिरदेवानं ते घेतलं. तो शिरवळच्या खोलीवर जेवायला यायचा, राहीबाईला काकी म्हणायचा, आणि ती त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी काढून ठेवायची. ती वर्षं चांगली गेली.

बिघडलं ते भाऊसोच्या आजारपणात. हर्नियाचं दुखणं त्यानं अंगावर काढलं, आणि शेवटी मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. नेमकं त्याच आठवड्यात लालासाहेबांकडं एक मोठी टाकी कऱ्हाडला पोचवायची होती. थांबायला वेळ नव्हता. पुलर बिरदेवाकडं दिला.

भाऊसो दवाखान्यात पडून होता. घाटात काय झालं असेल या विचारानं त्याला झोप लागेना. राहीबाईला वाटलं, दुखतंय. दुपारी लालासाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज खुशीत होता. माल चढला म्हणाले. आणि मग हसत म्हणाले, "भाऊसो, तुमचा चेला लय भारी निघाला. शेंगा खात खात चढवली गाडी त्यानं."

भाऊसोनं 'बरं झालं' म्हटलं आणि फोन राहीबाईकडं दिला. ती आनंदानं बोलत राहिली. तो भिंतीकडं तोंड करून पडला. माल चढला नसता तर त्याला वाईट वाटलं असतं, हे खरं. पण शेंगा खात? आपण आदल्या दिवशी पायी चढतो, पहाटे घशाखाली घास उतरत नाही, वर पोचल्यावर हात थरथरतात ते कुणाला दिसू नयेत म्हणून घाटातल्या खामजाईच्या देवळात जाऊन बसतो. एवढं करून जे मिळालं, ते या माणसाला शेंगा खाताना मिळालं. भाऊसोच्या पोटात टाक्यांच्या जागी नव्हे, तर जरा वर, काहीतरी चावलं. ते त्या दिवशी जे बसलं ते उठलं नाही.

डॉक्टरांनी तीन महिने जड काम नको म्हणून सांगितलं. तो परत आला तेव्हा लालासाहेबांनी नवा पुलर घेतला होता. ताकदीला जुन्याच्या दुप्पट, आणि गिअर आपोआप पडणारा. बिरदेव त्याच्यावर बसत होता. भाऊसोला वाटलं, आता लालासाहेब म्हणतील, उस्ताद, या, बसा. लालासाहेब म्हणाले, "भाऊसो, तुमी आता पुशर सांभाळा. मागं भरवशाचा माणूस पायजे."

मागं भरवशाचा माणूस पाहिजे, हे खरंच होतं. पण मागच्या गाडीतून दिसत काहीच नाही. समोर मालाची भिंत. पुढचा म्हणेल तेव्हा रेटायचं, पुढचा म्हणेल तेव्हा सोडायचं. सगळं वॉकीटॉकीवर. "उस्ताद, जरा दाबा... बास... आता सोडा." बिरदेवाच्या बोलण्यात आदर होता, आणि तोच भाऊसोला जास्त लागायचा. ज्याला आपण क्लच सोडायला शिकवलं, त्यानं आपल्याला सांगायचं कवा दाबायचं ते. खंडाळ्यातले चहावाले अजूनही बाहेर येत. पुढच्या गाडीकडं बघून हात करत. मागची गाडी येईपर्यंत ते आत गेलेले असत.

मत्सर माणसाला बारीक नजर देतो. भाऊसो आता बिरदेवाच्या गाडीचा आवाज यार्डाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायचा. एखादे दिवशी इंजिन अडखळलं की त्याचा तो दिवस बरा जायचा. बिरदेव उतारावर ब्रेकवर पाय जास्त ठेवतो, हे त्यानं लालासाहेबांच्या कानावर दोनदा घातलं. त्यात थोडं तथ्य होतं. लालासाहेबांनी बिरदेवाला सांगितलं, बिरदेवानं 'व्हय, चुकतंय माझं' म्हटलं आणि सुधारलं. म्हणजे त्यातही तोच चांगला ठरला. घरी राहीबाई चटणी काढताना म्हणायची, बिरदेवाला डबा न्या. भाऊसो डबा न्यायचा, पण द्यायला उशीर करायचा.

एकदा मात्र तो फार खाली उतरला. लालासाहेबांच्या ऑफिसात एकटा गेला आणि म्हणाला, की बिरदेव सकाळी गाडीवर बसला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. हे धादांत खोटं होतं. बिरदेव माळकरी नव्हता, पण दारूला शिवतही नव्हता. लालासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग म्हणाले, "भाऊसो, त्या सकाळी मी सोताच त्याच्या शेजारी बसून खंडाळ्यापतुर गेलोय. तुमास्नी काय झालंय?"

भाऊसोला खाली बघवेना आणि वर बघवेना. तो उठून बाहेर आला. त्या दिवसापासून लालासाहेब त्याच्याशी बोलताना पहिल्यापेक्षा जास्त नीट बोलायला लागले. परक्या माणसाशी बोलावं तसं. याचाही राग भाऊसोनं बिरदेवावरच काढला, मनातल्या मनात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो माल आला. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यासाठी रस आटवायचं पोलादी भांडं. भांडं म्हणायचं एवढंच. आडवं ठेवलं तर दोन मजली घराएवढं दिसायचं. रस्ता जवळजवळ सगळा अडणार, म्हणून पोलिसांची परवानगी काढून पहाटे उजाडता उजाडता घाट चढायचं ठरलं. भाऊसोची पायी घाट चढायची सवय पुशरवर गेल्यापासून सुटली होती. पुढच्याचं काम आहे ते, असं तो म्हणायचा. बिरदेव आदल्या दिवशी संध्याकाळी मोटारसायकलवरून वरपर्यंत जाऊन आला होता. रस्ता चांगला होता.

पण रात्रीतून कुठल्यातरी ट्रकची टाकी गळाली होती. वरच्या अवघड वळणाच्या अलीकडं डिझेल सांडलं होतं आणि धुक्यात ओला रस्ता आणि तेलाचा रस्ता सारखाच दिसतो.

पहिली वळणं ठीक गेली. पुढं बिरदेवाचा पुलर, मधे ट्रेलरवर भांडं, मागं भाऊसोचा पुशर, दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घेऊन चालणारी माणसं, त्यांच्या मागं पोलिसांची गाडी आणि तिच्यामागं थोडं अंतर सोडून अडवून धरलेल्या वाहनांची लांबलचक रांग. "दाबा उस्ताद," बिरदेव म्हणाला. भाऊसोनं दाबलं. मग पुढून इंजिनाचा आवाज एकदम चढला, नुसता चढला, आणि भाऊसोला कळलं. पुलरची चाकं जागेवर फिरत होती. तेलावर.

सगळं वजन मागं आलं. पुशरचं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. ट्रेलरचे ब्रेक लागले होते, पण त्याचीही पुढची चाकं तेलावरच होती. लोखंडी दांडा करकरला. समोरची पोलादी भिंत सावकाश, अगदी सावकाश, भाऊसोच्या काचेकडं यायला लागली आणि त्याची गाडी तिच्याबरोबर मागं सरकायला लागली.

वॉकीटॉकीवर बिरदेवाचा आवाज आला. नेहमीसारखा नव्हता.

"उस्ताद, उडी टाका. मी धरतो. उतरा तुमी."

त्या क्षणी भाऊसोच्या मनात काय आलं ते त्यानं पुढं एकाच माणसाला सांगितलं. मागं रांग आहे, त्यात बायकामाणसं असतील, हे त्याच्या मनात आलं नाही. मरणाचंही आलं नाही. त्याच्या मनात आलं ते एवढंच: याला एकट्याला धरायचंय. मी उतरलो की उद्या सगळे म्हणतील, म्हाताऱ्यानं उडी टाकली आणि बिरदेवानं एकट्यानं माल धरला. न्हाई. मरीन पण हे देणार न्हाई तुला.

तो बसून राहिला. बंद इंजिन पहिल्या गिअरमध्येच ठेवलं, हातब्रेक ओढला, पायाचा ब्रेक दोन्ही पायांनी तुडवला आणि स्टेअरिंग डोंगराच्या बाजूला कापलं, म्हणजे गाडी गेलीच तर दरीत किंवा रांगेवर जाणार नाही, डोंगरावर आदळेल. आदळली तर तो आणि त्याची केबिन भांडं आणि डोंगर यांच्या मधे येणार होती. वॉकीटॉकीत तो ओरडला, "न्हाई उतरत. तू ब्रेक सोडू नगंस. ठोकळे लावा म्हणावं."

गाडीच्या चाकांचं रबर घासत होतं, वास सुटला होता. मग सरकणं मंद झालं. बाजूची माणसं वाकून धावली, एकामागून एक ठोकळे चाकांखाली गेले. एक ठोकळा फुटला. दुसरा बसला. माल थांबला.

पुढचे तास रस्त्यावर माती आणि कच टाकण्यात गेले. दुसरा पुलर मागवला. दुपारच्या आत भांडं घाटमाथ्यावर पोचलं. कुणाला साधं खरचटलंही नाही.

पण रस्ता अडवायच्या आधी पुढं गेलेला एक मोटारवाला घाटात वरच्या बाजूला थांबला होता आणि त्यानं मोबाईलवर सगळं टिपलं होतं. ते चित्रीकरण संध्याकाळपर्यंत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत फिरलं. त्यात दिसत होतं ते असं: धुकं, त्यातून बाहेर आलेलं पुलरचं तोंड, जागेवर फिरणारी चाकं, धूर, आणि काचेमागं दात आवळून बसलेला बिरदेव. त्याच्या मागं भांडं. भांड्याच्या मागं काय होतं ते भांड्यानं झाकलेलं.

जतला बिरदेवाच्या गावानं त्याचा सत्कार केला. शिरवळमध्ये फलक लागला. लोक हात मिळवायला यायचे आणि बिरदेव प्रत्येकाला सांगायचा, "मी न्हाई, उस्तादांनी धरला माल. मागनं." लोक म्हणायचे, बघा, एवढं करून गुरूला मान देतोय. त्याच्या बोलण्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही आणि त्याचं कौतुक आणखी वाढलं.

भाऊसोनं ते चित्रीकरण किती वेळा बघितलं असेल कुणास ठाऊक. राहीबाई एकदा स्वयंपाकघरातून आली तर तो मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसला होता. एका ठिकाणी, अगदी क्षणभर, भांड्याच्या कडेला मागच्या गाडीच्या आरशाचा कोपरा दिसायचा. तो कोपरा तो तिला दाखवत होता. "ही माझी गाडी," तो म्हणाला. तिनं बघितलं. तिला काही दिसलं नाही, पण दिसलं म्हणाली.

आठवड्याभरानं बिरदेव यार्डात त्याच्याकडं आला. संध्याकाळ होती, बाकीचे घरी गेले होते. भाऊसो टायर बघत होता. बिरदेव शेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ टायरच्या खाचेतले खडे बोटानं काढत राहिला.

"उस्ताद, तुमास्नी एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी दार उघडलं व्हतं."

"कसलं दार?"

"गाडीचं. त्या दिशी. तुमास्नी उतरा म्हटलं, मी धरतो म्हटलं, पर माझा एक पाय भायेर पायरीवर व्हता. तुमी उतरला असता तर मी बी उतरलो असतो. मागं तुमी न्हाईसा म्हटल्यावर, गेला माल तर जाऊ दे, असं झालं व्हतं मला. तुमी न्हाई उतरत म्हटलासा, मग मला दार लावावं लागलं."

बिरदेव म्हणाला, लोक हार घालतात तेव्हा त्याला तो पाय आठवतो, रात्री झोप लागत नाही. मग उठून गेला.

भाऊसोला जो आनंद झाला तो त्यानं आयुष्यात क्वचितच अनुभवला होता. शेंगा खात घाट चढणारा माणूस घाबरला होता. पाय बाहेर काढला होता त्यानं. इतके दिवस तो ज्याची वाट बघत होता ते त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं त्याच्या हातात आणून दिलं होतं. त्या संध्याकाळी भाऊसो दोन भाकरी जास्त जेवला. राहीबाई खूश झाली, कारण बरेच दिवस त्याचं जेवणावर मन नव्हतं.

त्याच सुमारास लालासाहेबांनी भाऊसोला बोलावलं. सगळ्या ड्रायव्हरांवर एक मुख्य नेमायचा होता. कुणी कुठल्या मालावर जायचं, घाट कवा चढायचा, हे तो ठरवणार. लालासाहेबांच्या मनात बिरदेव होता. "तुमी सगळ्यांत जुनं. तुमचं मत घेतल्याबिगर करायचं न्हाई," ते म्हणाले.

भाऊसो ऑफिसकडं चालत येताना ठरवून आला होता की सांगायचं नाही. खुर्चीवर बसेपर्यंतही तेच ठरलेलं होतं. पण लालासाहेबांनी बिरदेवाचं नाव घेतलं, आणि घेताना त्यांचा चेहरा जरा मऊ झाला, मुलाचं नाव घेताना होतो तसा. ते भाऊसोला सोसलं नाही.

"मालक," तो म्हणाला, "त्यानं त्या दिशी दार उघडलं व्हतं. उडी टाकायला निघाला व्हता."

लालासाहेबांनी मान हलवली. "ठावं हाय. सत्काराच्या आदल्या दिशीच सांगून गेला मला. फलक काढा म्हणत व्हता."

म्हणजे जे आपल्याला यार्डात येऊन सांगितलं, ते आधी मालकाला सांगून झालं होतं. हेसुद्धा त्यानं आधी केलं होतं. आणि आपण काय केलं ते आता समोरच्या माणसाला माहीत झालं होतं. दारूच्या वासाच्या वेळी खोटं बोललो होतो. या वेळी खरं बोललो, पण चेहरा तोच असणार, असं त्याला वाटलं.

लालासाहेबांनी या वेळी चष्मा काढला नाही. त्यांनी विचारलं, "भाऊसो, त्यो घाबरला ते मला कळतंय. मी असतो तर कवाच उडी टाकली असती. तुमी का न्हाई उतरलासा?"

"त्याला एकट्याला धरू द्यायचा न्हवता माल," भाऊसो म्हणाला. "त्याचं नाव झालं असतं. म्हणून बसलो. दुसरं कायबी न्हवतं माझ्या मनात."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. लालासाहेबांनी शिपायाला चहा सांगितला. कप हातात देताना ते म्हणाले, "आसंल. पर मागं रांगेत माझी लेक व्हती, भाऊसो. जावयासंगं साताऱ्याला निघालेली. तुमच्या मनात काय व्हतं ते तुमचं तुमच्यापाशी."

भाऊसोनं चहा संपवला. कप ठेवताना बशीत जरा जास्तच आवाज झाला. "बिरदेवाला करा मुख्य," तो म्हणाला आणि उठला. हे म्हणताना त्याला मोठेपणा वाटला असेल असं कुणी समजू नये. त्याला जड गेलं. दातातून खडा काढावा तसं त्यानं ते काढलं.

बिरदेव मुख्य झाला. भाऊसो त्याच्या हाताखाली पुशर चालवत राहिला. लालासाहेबांनी ऑफिसातलं बोलणं बिरदेवाला सांगितलं की नाही, हे भाऊसोला कळायला मार्ग नव्हता आणि विचारायची सोय नव्हती. पुढचा मोठा माल निघाला तेव्हा खंडाळा ओलांडून चढ सुरू झाला आणि वॉकीटॉकी खरखरली.

"उस्ताद, दार लावलंय बरं का," बिरदेव म्हणाला.

म्हणजे लालासाहेबांनी सांगितलं होतं. भाऊसोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चढभर त्याला दुसरं काही सुचलं नाही. बिरदेव रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. हसून बोलला, याचा त्याला राग आला, आणि रागाबरोबरच काहीतरी सैलही झालं. वळण जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "पुढं बघून चालव. वळणाला बोलायचं नसतं, किती वेळा सांगितलंय." पलीकडून 'व्हय उस्ताद' आलं आणि मग माथ्यापर्यंत कुणी बोललं नाही.

त्या दोघांनी आणखी तीन हिवाळे माल चढवला. मग भाऊसोचे गुडघे क्लचला नको म्हणायला लागले. निरोपाच्या जेवणात बिरदेवानं लांबलचक भाषण केलं आणि घाटातली ती सकाळ जशी झाली तशी सांगितली, स्वतःच्या पायासकट. लोक या वेळी गप्प बसून ऐकत होते. भाऊसो ताटात बघत होता. आपल्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस आपल्यापेक्षा चांगलं बोलतो, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. तो असा माणूस होता, आणि शिरवळमध्ये जो भेटेल तो सांगेल, की मागच्या गाडीत बसवायला त्याच्यासारखा दुसरा मिळाला नाही.

आता तो फलटणकडं गावी असतो. उसाला पाणी पाजतो, पारावर बसतो. पारावरची पोरं लडाखपेक्षा खंबाटकीची गोष्ट सांगा म्हणतात, आणि तो सांगतो. मोठा माल घेऊन घाट चढायचा असला की बिरदेव आदल्या दिवशी हमखास फोन करतो. फोन येतो तो राहीबाईच्या मोबाईलवर. भाऊसोचा मोबाईल शेजारीच पडलेला असतो, चार्ज केलेला. राहीबाई ओसरीवर बसून त्याच्याशी बोलते, बायको कशी आहे, मेंढरांना रोग आला होता तो गेला का, तुझ्या पोरीला दात आले का. भाऊसो पेपर वाचतो. वाचतो म्हणजे धरतो.

परवा असाच फोन आला. बोलणं लांबलं. राहीबाईनं हसून हसून डोळे पुसले आणि मोबाईल खाली ठेवला.

"काय म्हणत व्हता?" भाऊसोनं पेपरामागून विचारलं.

"कायबी न्हाई. चटणीत लसूण किती घालायचा इचारत व्हता."

"माझ्याबद्दल काय इचारलं?"

"तुमास्नी उद्या सकाळी करतो म्हणला. वर पोचल्यावर."

भाऊसोनं पेपर घडी करून बाजूला ठेवला, आपला मोबाईल उचलला, आवाज मोठा आहे का बघितला, आणि म्हणाला, की त्याला एवढ्या वर्षांत लसूण किती घालायचा तेवढंही शिकता आलं नाही.